'ख्रिस्ती' आणि 'गोरा' : अमेरिकेतील वर्णविषमतेचा एक शब्दार्थविचार

शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जाण्यापूर्वी तो व्यवहारात बदललेला असतो, आणि व्यवहारातील हा बदल पुष्कळदा कोणाच्या तरी हिताचा असतो. अमेरिकेतील ख्रिस्ती श्रद्धा आणि तेथील वर्णविषमता यांचा संबंध सामान्यतः धर्मशास्त्राचा अथवा राजकारणाचा विषय मानला जातो. प्रस्तुत लेखात तो एका शब्दाच्या अर्थांतराच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'ख्रिस्ती'.

सतराव्या शतकात व्हर्जिनिया वसाहतीत 'ख्रिस्ती' हा शब्द केवळ श्रद्धेचा वाचक नव्हता. तो एका समाजगटाचेही नाव होता. 1662 च्या कायद्यात अनैतिक संबंधांना दंड सांगताना एका बाजूस 'ख्रिस्ती' व दुसऱ्या बाजूस 'निग्रो' असा विरोध मांडलेला आढळतो. परंतु या विरोधात एक अडचण होती. वर्ण बदलता येत नाही. धर्म मात्र बदलता येतो. ख्रिस्ती मनुष्याने ख्रिस्ती मनुष्यास गुलाम करू नये, ही समजूत त्या काळी रूढ होती. एलिझाबेथ की या स्त्रीने आपण इंग्रज पित्याची कन्या असून बाप्तिस्मा घेतलेली आहो, या आधारांवर दावा लावला व 1656 मध्ये मुक्तता मिळविली. बाप्तिस्म्याचे पाणी अशा रीतीने बेडी तोडू लागले, तर मळेवाल्यांची मालमत्ता सुरक्षित कशी राहावी?

या प्रश्नाचे उत्तर 1667 च्या कायद्याने दिले. बाप्तिस्म्यामुळे मनुष्याच्या दास्यात अथवा स्वातंत्र्यात काहीही फरक पडत नाही, असे विधिमंडळाने ठरविले. त्यामागील हेतू विशेष लक्षात घेण्याजोगा आहे : ही शंका फिटली म्हणजे धनी लोक आपल्या गुलामांत धर्मप्रसार अधिक निश्चिंतपणे करतील! श्रद्धेचा प्रसार व्हावा म्हणून श्रद्धेचा लौकिक परिणाम काढून घेण्यात आला. यानंतर 'ख्रिस्ती' हा शब्द भेद दाखविण्यास अपुरा पडू लागला. 1691 च्या कायद्यात आंतरवर्णीय विवाहास बंदी करताना 'इंग्रज अथवा इतर गोरा' अशी शब्दयोजना आली. 1705 च्या संहितेत, न्यायाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून उघड्या अंगावर फटके मारू नयेत असे संरक्षण ज्यास दिले, तो चाकर 'ख्रिस्ती गोरा' होता. दोन विशेषणे शेजारी ठेवावी लागली, याचाच अर्थ पहिले एकटे पुरेसे राहिले नव्हते.

शास्त्रवचनांच्या अर्थाबाबतही असेच घडले. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील नोहाचा शाप हामाला नसून त्याचा पुत्र कनान यास आहे, आणि तेथे वर्णाचा उल्लेखही नाही. तरी कृष्णवर्णीयांच्या दास्याचे समर्थन त्यावर उभारले गेले. पौलाच्या पत्रांतील 'दूलॉस' हा ग्रीक शब्द 1611 च्या इंग्रजी भाषांतरात बहुतेक ठिकाणी 'चाकर' या अर्थाच्या शब्दाने दिलेला आहे. गुलामगिरीचे समर्थक त्याचा अर्थ 'गुलाम' असा निक्षून सांगत, तर काही विरोधक तो अर्थ सौम्य करू पाहत. आपल्याकडील वाचकास हा वाद सहज उमगत नाही, कारण मराठी बायबलातील 'दास' या शब्दामागे भक्तिपरंपरेची गोडी आहे. 'गुलाम' म्हणताच ती नाहीशी होते.

तथापि ज्यांच्यावर हा अर्थ लादला गेला त्यांनी तो निमूटपणे स्वीकारला नाही. मिसर देशातून निघालेल्या इस्राएलाची कथा गुलामांनी आपली कथा म्हणून वाचली. फिलाडेल्फियातील चर्चमध्ये वर्णभेदाचा अपमान सोसावा लागल्यावर रिचर्ड ॲलन व त्यांचे सहकारी बाहेर पडले. 1816 मध्ये आफ्रिकी मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 मधील आत्मचरित्राच्या पुरवणीत ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा ख्रिस्ती धर्म यांत स्पष्ट भेद केला. म्हणजे अर्थांतर त्यांनी ओळखले होते, आणि मूळ अर्थावरील हक्कही सोडला नव्हता. त्याच 1845 साली, गुलाम बाळगणाऱ्यांस धर्मप्रचारक नेमावे की नाही या वादातून दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी आपली वेगळी संस्था उभारली. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी लिहिलेले पत्रही आठ गोऱ्या धर्मोपदेशकांना उद्देशून होते, हे विसरता येत नाही.

1995 मध्ये दक्षिणी बाप्टिस्टांनी आपल्या स्थापनेतील गुलामगिरीचा वाटा मान्य करून आफ्रिकी-अमेरिकनांची क्षमा मागितली. मेरिलंडच्या जेझुइटांनी 1838 मध्ये 272 माणसे विकली होती. 2021 मध्ये या पंथाने त्यांच्या वंशजांच्या सहकार्याने 10 कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. या दोन कृतींतील अंतर भाषेच्या अभ्यासकाने जोखले पाहिजे. मराठी 'पश्चात्ताप' या शब्दात मागाहून होणारा ताप आहे; ज्या ग्रीक शब्दासाठी तो योजला जातो त्या 'मेटानोइया'त बुद्धीचे पालटणे आहे. ताप उच्चाराने व्यक्त होऊ शकतो. पालट मात्र आचरणावाचून सिद्ध होत नाही. क्षमायाचना अवश्य करावी. परंतु कायद्याने, मालमत्तेने आणि चर्चमधील बैठकांच्या व्यवस्थेने जो अर्थ घडविला, तो केवळ ठरावाच्या शब्दांनी मोडेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला. शीर्षकासाठी त्यांनी निवडलेला शब्द 'दास्य' नव्हे, 'गुलामगिरी' होता. वेदना सौम्य करणारा पर्याय हाताशी असतानाही तो नाकारणे, ही शब्दार्थाच्या क्षेत्रातील न्यायबुद्धीच होय. 'ख्रिस्ती' या शब्दाचा अमेरिकेतील इतिहास अभ्यासताना तीच कसोटी लावावी लागेल : एखादा शब्द काय सांगतो एवढेच न पाहता, त्या शब्दाच्या आश्रयाने कोणाला संरक्षण मिळाले आणि कोणाचे काढून घेतले गेले, हेही पाहिले पाहिजे.