भाड्यासाठी पहिला गाळा : घ्यावा की थांबावे?

आपल्या समाजातील तरुण शिकून किंवा हुन्नर हाती घेऊन लवकर कमाईला लागतो. चार-सहा वर्षांत दोन पैसे गाठीला लागले की घरातील वडीलधारी मंडळी सल्ला देतात, "बेटा, एक गाळा घेऊन टाक. बसल्या जागी भाडे येत राहील." सल्ला नेकनीयतीचा असतो आणि जागेचे भाडे ही हलाल कमाई आहे, यात शंका नाही. परंतु हा सल्ला सर्वांना, सर्व वेळी लागू पडतोच असे नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा हिशेब मांडण्याचे आम्ही ठरविले आहे.

आधी आकडे पाहा

समजा, २० लाखांचा गाळा आहे. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील व दलाली धरून आणखी पावणेदोन लाख लागले. म्हणजे गुंतले २१ लाख ७५ हजार. भाडे महिना ८ हजार, वर्षाचे ९६ हजार. त्यातून एक महिना गाळा रिकामा राहिला असे धरून ८ हजार, मालमत्ता कर व सोसायटीचा खर्च १४ हजार, दुरुस्ती ५ हजार वजा करा. हाती राहिले ६९ हजार. शेकडा ३ रुपये १७ पैसे!

आता हाच पैसा धंद्यात काय करतो ते पाहा. सूत, चामडे, लाकूड किंवा लोखंड रोखीने घेणाऱ्याला उधारीवाल्यापेक्षा शेकडा २ रुपये स्वस्त पडले आणि वर्षातून ६ वेळा माल फिरला, तर शेकडा १२ रुपये तेथेच वाचतात. ज्याचा स्वतःचा कारखाना भांडवलाअभावी अर्धा चालतो, त्याने भांडवल काढून विटांत घालणे म्हणजे दुभत्या म्हशीचा चारा विकून गोठा बांधण्यासारखे आहे.

जागेची किंमत पुढे वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढेलही. पण गाळा एका दिवसात विकला जात नाही. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी आठवावी. त्या काळात कामगारांची मजुरी आणि घरखर्च भागवायला हाताशी रोख लागत होती. भिंत गहाण टाकून रोख आणायची म्हटले तर पुन्हा व्याज आलेच.

कर्ज काढून?

व्याजाचा हुकूम आपणा सर्वांना माहीत आहे. येथे केवळ हिशेब सांगतो. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी काढले, तर हप्ता महिना सुमारे १० हजार १५० रुपये येतो आणि एकूण सव्वाआठ लाखांवर व्याज जाते. वरील गाळ्याचे निव्वळ भाडे महिना ५ हजार ७५०. म्हणजे भाडेकरू आपला हप्ता भरील ही समजूत खोटी ठरते. उरलेले दरमहा धंद्यातून काढावे लागतात.

याहून बरा मार्ग म्हणजे भागीदारी. दोन भाऊ किंवा मित्र मिळून गाळा घेतात, दस्तात प्रत्येकाचा हिस्सा लिहितात, भाडे हिश्श्याप्रमाणे वाटतात आणि एक जण दुसऱ्याचा हिस्सा सवडीने विकत घेतो. नफा-नुकसान दोघांचे. मात्र सर्व लेखी हवे.

नाव कोणाचे?

येथे फार घरे मोडतात. मुलगा आपल्या कमाईतून गाळा घेतो आणि आदबीने दस्त वडिलांच्या नावे करतो. वडिलांच्या पश्चात तो गाळा कागदोपत्री त्यांचाच ठरतो व आई, भाऊ, बहिणी सर्वांचे शरई हिस्से त्यात येतात. वारसांना दोष देता येत नाही, कारण कागद त्यांच्या बाजूने बोलतो. वडिलांना द्यायचेच असेल तर समजून-उमजून द्यावे. नाहीतर पैसा ज्याचा, दस्त त्याचाच असावा.

कागद तपासा

- पागडीचा गाळा मालकीचा नसतो. तेथे आपण भाडेकरू असतो. करारात मुभा नसेल तर तो दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही.
- वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. इंडेक्स टू, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड व भोगवटा प्रमाणपत्र स्वतः पाहावे.
- जमीन वक्फची नाही याची खात्री करावी. वक्फ मिळकतीची विक्री कायद्याने रद्दबातल आहे आणि दीनच्या दृष्टीनेही तो मोठा बोजा आहे.
- भाड्याचा करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी व नोंदणीकृत लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते.
- भाडेकरूची अनामत ही नावाप्रमाणे अमानत आहे. ती मालात गुंतवून टाकू नये.

जकातीचा हिशेब

बहुतेक उलेमांच्या मते भाड्यासाठी घेतलेल्या गाळ्याच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम इतर मालाबरोबर निसाबात धरून वर्षाअखेर अडीच टक्के काढावी लागते. परंतु गाळा पुन्हा विकण्याच्या इराद्याने घेतला असेल, तर तो व्यापारी माल होतो आणि बाजारभावावर जकात लागते. म्हणून घेतानाच नियत पक्की करावी व आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

मग गाळा घ्यावा कोणी?

ज्याच्या धंद्याला पुरेसे भांडवल आहे, कोणाचे देणे नाही, सहा महिन्यांचा घर व कारखान्याचा खर्च बाजूला आहे आणि तरीही पैसा पडून आहे, त्याने अवश्य घ्यावा. उतारवयात किंवा आजारपणात हात थांबले तरी भाडे थांबत नाही, ही त्याची मोठी खुबी आहे. ज्याला स्वतःच्या कामासाठीच जागा भाड्याने घ्यावी लागते, त्याने पहिला गाळा स्वतःच्या वापरासाठी घ्यावा. जे भाडे वाचते, तेही कमाईच आहे.

बाकीच्या तरुणांना आमचे सांगणे इतकेच की, शेजाऱ्याने घेतला म्हणून घाई करू नका. आधी धंदा पायावर उभा करा, मग गाळ्याचा पाया पाहा. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो.