मतांची फेरमोजणी आणि मतांची पडताळणी



ग्रामपंचायतीची निवडणूक विधानसभेच्या मानाने लहान खरी. पण तिच्यातील पराभव फार जवळून लागतो. निवडून आलेला आणि पडलेला असे दोघेही वणीच्याच बाजारात समोरासमोर येतात, एकमेकांच्या लग्नकार्याला जातात. पाच-सात मतांनी पडलेल्या माणसाच्या मनात ‘मोजणीत काहीतरी झाले’ ही शंका एकदा शिरली, की ती पाच वर्षे भाऊबंदकीसारखी धुमसते. त्या शंकेचा निकाल कायद्याने कसा लावावयाचा, हा आजचा विषय आहे. आम्ही वकील नव्हे. मस्टर, वर्गणीच्या पावत्या आणि संघटनेच्या निवडणुकीतील मतपत्रिका मोजण्यात आमची उमर गेली. त्या नजरेनेच आम्ही हे सांगणार आहोत.

प्रथम दोन शब्द वेगळे करू. खजिनदाराने पेटीतील नोटा पुन्हा मोजल्या, तर ती फेरमोजणी. त्याच नोटा पावतीपुस्तकाशी आणि सभासदांच्या यादीशी ताडून पाहिल्या, तर ती पडताळणी. पहिलीने मोजणाऱ्याची चूक सापडते. पैसे मुळात योग्य रीतीने आले की नाही, हे मात्र दुसरीनेच कळते. मतांचेही असेच आहे.

मतदान यंत्रावर मोजणी कशी होते? मोजणीच्या टेबलावर नियंत्रण यंत्र येते. त्याचा क्रमांक आणि मोहोर उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवितात. यंत्रातील एकूण आकडा केंद्राध्यक्षाने मतदान संपताना लिहिलेल्या हिशेबाशी जुळवितात, आणि मग बटण दाबून उमेदवारनिहाय आकडे वाचून तक्त्यात लिहितात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, तेव्हा एका मतदाराला तेवढीच मते असतात. थेट सरपंचाचे मत आणखी वेगळे. म्हणून मतदार किती आणि मते किती, हे दोन आकडे एक धरणाऱ्याची फसगत होते.

यंत्राचे बटण दहा वेळा दाबले तरी आकडा तोच येणार. मग यंत्राच्या काळात फेरमोजणीला अर्थ काय? अर्थ हा, की आकडा वाचणारा, लिहिणारा आणि बेरीज करणारा माणूसच असतो. हरियाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. तेथे २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे उलटसुलट लिहिले गेल्याची तक्रार झाली. निवडणूक न्यायाधिकरणाने त्या केंद्राची फेरमोजणी फर्मावली, उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सर्व यंत्रे दिल्लीस मागविली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी चित्रीकरणासह पुन्हा मोजणी झाली, आणि पराभूत ठरलेल्या उमेदवाराला १,०५१, तर विजयी ठरलेल्याला १,००० मते असल्याचे दिसून आले. यंत्र चुकले नव्हते. लेखणी चुकली होती. ती चूक दुरुस्त होण्यास पावणेतीन वर्षे लागली, आणि तोवर पदाची निम्म्याहून अधिक मुदत संपून गेली होती.

म्हणून फेरमोजणी मागावयाची ती जागच्या जागी. तक्ता तयार झाल्यावर, पण निकाल जाहीर होण्यापूर्वी, उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज द्यावा आणि त्यात कारण लिहावे. निवडणूक निर्णय अधिकारी तो मान्य करील अथवा कारण नोंदवून नाकारील. निकाल एकदा जाहीर झाला, की त्याच्या हाती काही उरत नाही.

मते समसमान पडली तर? मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांची मते फेरमोजणीअंती प्रत्येकी ५,९४६ झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि शहा निवडून आले. ‘माझ्या एका मताने काय होते?’ असे म्हणून घरी बसणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

निकालानंतरचा मार्ग कोर्टाचा. ग्रामपंचायतीसाठी १९५८ च्या कायद्याचे कलम १५ पाहावे. निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. आणि तो केवळ उमेदवारालाच नव्हे, त्या निवडणुकीतील मतदारालाही करता येतो. नगरपरिषदेसाठी मुदत दहाच दिवसांची, आणि अर्ज जिल्हा न्यायालयात. पुष्कळ मंडळी हे दिवस पारावर चर्चा करण्यात घालवितात, आणि सोळाव्या दिवशी वकील शोधू लागतात!

कोर्टही मागितली की फेरमोजणी देत नाही. तामिळनाडूतील एका ग्रामपंचायतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले, की नेमकी चूक आणि तिचा पुरावा दाखविल्यावाचून मतपेट्या उघडावयाच्या नाहीत; मताची गुप्तता सहजासहजी मोडता येत नाही. कारखान्यातही ‘पगार कमी आला’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या तारखेची हजेरी लागली नाही, ते सांगावे लागते.

आता पडताळणी. लोकसभा व विधानसभा निवडणुकीत यंत्राला व्हीव्हीपॅट जोडलेले असते. मताची चिठ्ठी काचेआड दिसते आणि पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. शितावरून भाताची परीक्षा, ती हीच. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून एक पाऊल पुढे टाकले. तेथे विजयाचा फरक जितका थोडा, तितक्या अधिक कागदी मतपत्रिका चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तपासतात.

पण आपल्या स्थानिक निवडणुकांचे काय? २०१७ साली नांदेड-वाघाळा महापालिकेच्या एका प्रभागात व्हीव्हीपॅटचा प्रयोग झाला होता. तथापि २०२५ साली राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुका व्हीव्हीपॅटशिवाय घेण्याचे ठरविले. त्या डिसेंबरात नगरपरिषदांचे बहुतेक मतदान २ तारखेस झाले, आणि न्यायालयाच्या आदेशाने मोजणी २१ तारखेस. मधले एकोणीस दिवस यंत्रे कुलपाआड होती. कागद नसला, की मतदाराच्या हाती साक्ष म्हणून उरते ती यंत्राचा क्रमांक, त्यावरील मोहोर आणि केंद्राध्यक्षाचा हिशेब एवढीच.

याचा अर्थ यंत्रात लबाडी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पुराव्यावाचून तसे म्हणणे हीही एक लबाडीच होय. पण कांदा काट्यावर चढला की शेतकरी काट्याकडे पाहतो. त्याने व्यापाऱ्याला चोर ठरविलेले नसते. पाहण्याचा त्याला हक्क आहे, आणि पाहू दिल्याने व्यापाऱ्याचीही पत वाढते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली हेच तत्त्व सांगितले: मतमोजणीतील महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीवाचून तपासता आल्या पाहिजेत. स्थानिक निवडणुकीतही मताला कागदाची साक्ष असावी, ही मागणी आपण सनदशीर मार्गाने लावून धरली पाहिजे.

तोवर जे हातात आहे ते करावे. प्रत्येक केंद्रावर आपला प्रतिनिधी शेवटपर्यंत बसवावा. जेवायला गेलेला प्रतिनिधी काही कामाचा नाही. यंत्राचा क्रमांक आणि झालेल्या मतांचा आकडा त्याने वहीत उतरवून घ्यावा. मोजणीच्या दिवशी ती वही टेबलावर न्यावी, आणि फरक दिसला तर ओरडा न करता लेखी अर्ज द्यावा. आकडे जुळले, तर त्याच वहीच्या आधारे आपल्या माणसांना सांगावे, ‘आपण हरलो, मोजणी बरोबर आहे.’ हे सांगण्यास धैर्य लागते. पण पडलेल्या उमेदवाराने हिशेब तपासून निकाल मान्य केला, म्हणजेच गावाची निवडणूक खऱ्या अर्थाने पुरी झाली, असे आम्ही समजतो.