रानडे कागदाच्या पाठीमागे बघायचे

मी दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टात वकिली करतो आणि राहतो मुनिरका गावात. आमच्या गल्लीत मोमोची गाडी टाकायला कुणी पैसे उचलले, की आधी सही केलेला कोरा चेक द्यावा लागतो. वर्षभराने तोच माणूस नोटीस घेऊन माझ्याकडे येतो. "वकीलसाहेब, घेतले चाळीस हजार, चेकवर लाख लिहिलाय!" अशा वेळी मला महादेव गोविंद रानडे आठवतात.

आपण त्यांना सुधारक आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, पण त्यांचं पोट न्यायाधीशाच्या नोकरीवर होतं. जन्म १८४२, निफाडचा. १८६६ मध्ये एलएल.बी. झाले आणि १८७१ मध्ये पुण्याला सबजज्ज म्हणून आले. चारच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्याचं कलम १२ मी अनेकदा वाचलं आहे. रोख्यावर अंगठा आहे म्हणून हुकूमनामा द्यायचा नाही. दोघांना समोर बसवून व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास विचारायचा. हिशेब कलम १३ प्रमाणे करायचा: हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम तेवढीच मुद्दल, व्याजाचं खातं वेगळं आणि तेही सरळव्याजाचं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही बंद झालं. खालची कोर्टं हे नीट करतात की नाही, ते गावोगाव फिरून तपासणं हे पुढे स्पेशल जज्ज म्हणून रानड्यांचं काम झालं.

त्याआधी सरकारचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत त्यांची नाशिकहून धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांच्या टपालावरही नजर होती. तरी त्यांनी नोकरी सोडली नाही. १८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टात गेले. १९०१ मध्ये, मरेपर्यंत, ते त्याच पदावर होते.

आजचा चेकचा कायदा उलट्या टोकाने सुरू होतो. सही तुमची असेल तर कलम १३९ प्रमाणे देणं आहे असंच कोर्ट धरून चालतं. कोरा चेक दिला होता, एवढ्यानं सुटका होत नाही. आकडा खोटा आहे हे तुम्हालाच दाखवावं लागतं. तेव्हा कोऱ्या चेकवर सही करू नका आणि उसने पैसे बँकेतूनच घ्या. तुमच्यासाठी व्यवहाराचा इतिहास विचारणारं कलम १२ आता नाही.