ताट वेगळं असू द्या, पंगत नको

आपल्याकडे वांग्याच्या कालवणापासून मटकीच्या उसळीपर्यंत शेंगदाण्याचं कूट पडतंच. म्हणून बारामती-इंदापूरकडे एखाद्या लेकराला शेंगदाणा चालत नाही, हे कुणाला खरं वाटत नाही. घरातली जुनी माणसं म्हणतात, थोडं थोडं खाऊ द्या, सवय होईल. शाळेत पोरं म्हणतात, नाटकं करतो. अंगावर गांधी उठल्या की 'आम्हालाही होईल' म्हणत लांब सरकतात.

हे लांब सरकणं आपल्याला नवं नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. शिपाई नसला की पाणीही मिळत नसे. त्यामुळे 'आमच्या पोराचं जेवण वेगळं ठेवा' हे शाळेत सांगायला काही आईबापांची जीभ उचलत नाही. आम्हाला ते समजतं. पण इथं गप्प राहणं जिवावर बेतू शकतं.

ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. शरीर एखाद्या पदार्थालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतं. शेंगदाणा, अंडं, दूध, भिगवणच्या बाजारातली मासळी, कशाचीही असू शकते. मागच्या वेळी नुसती खाज आली, म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल असं नाही. त्यामुळे गंमत म्हणून डब्यात कूट टाकणं किंवा जबरदस्तीनं चिक्की तोंडात कोंबणं ही मस्करी नव्हे.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन करा. लेकराला चालवू नका; आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या. आमसुलाच्या पाण्यानं कातडीला बरं वाटेल, खाजेच्या गोळीनं गांधीही उतरतील, पण मिटत चाललेला गळा त्यानं उघडत नाही. त्याला मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, तेही वेळेत.

डबा तसाच परत येऊ लागला, शाळेच्या वेळेलाच पोट दुखू लागलं, तर रागावू नका, शांतपणे विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही स्वतः भेटा. वेगळा डाव आणि आधी काढून ठेवलेलं ताट एवढं त्यांना जमतं. मूल मात्र सगळ्यांच्या रांगेतच बसेल, शेजारी त्याचा मित्र असेल, हेही अर्जात लिहा. वर्गाला ॲलर्जी गुरुजींनी समजावून सांगावी, पण लेकराला विचारून.

एवढं करूनही त्रास थांबला नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे जा. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. वेगळं बसवणारे शिक्षकच असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाचा मानसिक छळ करायला बंदी आहे, हे अर्जात नमूद करा. चिडवण्यात जातीचा शब्द आला असेल तर तो शब्द, तारीख आणि ऐकणाऱ्यांची नावं त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे; लेकराला तो पाठ करून द्या.