डॉक्टर, पथ्य काय?

केमोथेरपीची पहिली तारीख ठरली की रुग्णाबरोबर आलेला माणूस खुर्चीतून उठता उठता हमखास विचारतो, ‘डॉक्टर, पथ्य काय?’ डॉक्टर सांगतात, ‘घरचं ताजं असेल ते सगळं खाऊ द्या.’ या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. एवढा मोठा आजार, एवढी जहाल औषधं आणि पथ्य काहीच नाही? मग नातेवाईकच यादी तयार करतात. मावशी साखर बंद करायला सांगते, शेजारी दूध, मोबाइलवर आलेला व्हिडिओ गहू. कुणी अंडी थांबवतं. तिसऱ्या केमोपर्यंत रुग्णाच्या ताटात भाताची पेज, दुधी भोपळ्याचा रस आणि कसला तरी काढा एवढंच उरतं. घरातल्या सगळ्यांनी प्रेमाने केलेली ही उपासमार असते, आणि ती थांबवायलाच हवी.

केमोची औषधं शरीरात नेमकं काय करतात, ते आधी पाहू. भराभर विभागणाऱ्या पेशींवर ती तुटून पडतात. कर्करोगाखेरीज अशा पेशी केसांच्या मुळांशी, अस्थिमज्जेत आणि तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अस्तरात असतात. केस गळलेले सगळ्यांना दिसतात, आतल्या अस्तराची झीज दिसत नाही. ती भरून काढायला आणि नव्या पांढऱ्या पेशी घडवायला शरीराला प्रथिनं लागतात. गरज वाढते त्याच दिवसांत तोंडाची चव जाते, मळमळतं आणि खाणं निम्म्यावर येतं.

किती खायचं, याचं माप ठरलेलं आहे. ‘एस्पेन’ या युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळायला हवीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला १२५० ते १५०० किलोकॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. आता घरातला हिशेब मांडून पाहावा. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही साधारण तेवढीच, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास. पातळ पेजेत मात्र जवळजवळ काहीच नाही. ‘पचायला हलका’ म्हणून दिला जाणारा साबुदाणा तर निव्वळ पिष्ट. त्याची खीर करायचीच तर पाणी न घालता दुधात करावी, वर बदामाची पूड घालावी.

वजनाकडे लक्ष देण्याचं कारण दिसण्यापुरतं नाही. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, तर डॉक्टर ते धोक्याचं लक्षण मानतात. स्नायू झिजलेल्या रुग्णाला औषधाचे दुष्परिणाम जास्त होतात, मग मात्रा कमी करावी लागते किंवा तारीख पुढे ढकलावी लागते. न खाण्याची किंमत अशी थेट उपचारालाच मोजावी लागते.

साखरेची भीती आली कुठून? ओटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं, की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार वेगाने वापरतात. आजचं पेट स्कॅन याच गुणधर्मावर चालतं. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला, की साखर तोडली की गाठ उपाशी मरेल. पण रक्तातली साखर ठरावीक पातळीवर ठेवणं ही शरीराची गरज आहे. बाहेरून मिळाली नाही, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तयार करतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतो तो रुग्ण. मधुमेहींची गोष्ट वेगळी. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळेही साखर वाढते. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोड जरूर आवरावं. बाकीच्यांना चमचाभर गुळाचा सांजा घशाखाली उतरत असेल, तर तो हिसकावून घेऊ नये.

मळमळीचं मूळ बहुतेकदा आतड्यात असतं. औषधामुळे तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप जातो. हा निरोप अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन १९९० च्या सुमारास आलं आणि केमोच्या वॉर्डाचं रूप पालटलं. मात्र ही गोळी सांगितलेल्या वेळी, उलटीची वाट न पाहता घ्यायची असते. ‘होईल तेव्हा बघू’ म्हणत ती खिशात ठेवणारे रुग्ण उगाच हाल सोसतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. १९७८ मध्ये अमेरिकेत आयलीन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या आधी वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम खायला दिलं. पुढे तेच आइस्क्रीम पुन्हा समोर ठेवलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच मुलांनी ते नाकारलं. त्रास औषधाने दिला, मनाने मात्र तो चवीशी जोडला. म्हणून केमोच्या दिवशी लाड म्हणून पुरणपोळी किंवा सुरमईचं कालवण करू नये. आवडीचा पदार्थ कायमचा नावडता होऊन बसेल. त्या दिवशी साधं, थोडं, थंड किंवा कोमट द्यावं; गरम अन्नाचा वास जास्त येतो आणि फोडणीच्या वासानेच अनेकांना ढवळतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी चार घास बरे.

तोंडाला धातूची चव येत असेल, तर स्टीलच्या ताटाऐवजी काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं आणि लाकडी चमचा वापरून पाहावा. लिंबाची फोड किंवा आमसूल चव जागी करतं, पण तोंड आलेलं नसेल तरच. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात तोंड येतं, तेव्हा तिखट, आंबट आणि कुरकुरीत काही नको. मेतकूट-भात आणि तूप, मुगाची आसट खिचडी, दुधात कालवलेलं केळं, नाचणीचं सत्त्व, पूर्ण उकडून कुस्करलेलं अंडं असे पदार्थ तेव्हा उपयोगी पडतात. मेतकुटात डाळी असतात, त्यामुळे साध्या भातापेक्षा त्याचं मोल जास्त. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात.

इथे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा सल्ला घेताना मात्र सावध राहावं. फ्लुरोयुरासिल हे औषध शिरेतून झटपट देतात तेव्हा तोंडात बर्फाचे तुकडे धरले, तर तोंड येण्याचं प्रमाण कमी होतं. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला त्याच बर्फाने घशात आणि बोटांत मुंग्या येतात. त्याने काही दिवस फ्रिजमधल्या पाण्यालाही दूर ठेवायचं असतं. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होतं, इरिनोटेकॅनने जुलाब. औषध बदललं की ताटही बदलतं.

काही गोष्टी खरोखरच बंद ठेवाव्या लागतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात पाणीपुरी, रसवंतीतला उसाचा रस, गाडीवरची कापलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धकच्चं अंडं आणि रात्रीचा उरलेला भात टाळावा. मात्र फळं आणि भाज्या सरसकट बंद करून संसर्ग कमी होतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. नीट धुऊन सोललेलं केळं, पपई, संत्रं चालतं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर घरी क्रोसिन देत न बसता थेट रुग्णालय गाठावं.

काढ्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. भाजी-आमटीतल्या हळदीचं भय नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, गुळवेल, कुणीतरी आणून दिलेली चूर्णं यांची गोष्ट वेगळी. केमोची बरीच औषधं यकृतात मोडली जातात, आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, पण केमो चालू असताना हा धोका पत्करण्याचं कारणच नाही. उपासांचंही तसंच. आषाढी, संकष्टी, श्रावणी सोमवार, शनिवार असे सगळे वार धरणारी बाई महिन्यातले आठ-दहा दिवस अर्धपोटी राहते. उपचार संपेपर्यंत उपास सोडावेत, हे तिला घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपणहून सांगायला हवं. तिला स्वतःला ते म्हणणं जड जातं.

हे सगळं हाताशी स्वयंपाकघर असणाऱ्यांसाठी झालं. १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात आणि महिनोन् महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. ज्यांना तीही जागा मिळत नाही, ते फूटपाथवर पथारी टाकतात. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो मुळात पोट भरण्याचा. हरखचंद सावला यांचा जीवनज्योत ट्रस्ट वर्षानुवर्षं इथल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना जेवण देत आला आहे. २०१२ मध्ये मुंबईत सुरू झालेलं कडल्स फाउंडेशन कर्करोग झालेल्या मुलांसाठी रुग्णालयांमध्ये आहारतज्ज्ञ नेमतं आणि गरजू घरांना पोषक अन्न पुरवतं. ताटातली प्रथिनं वाढवायला महागडे डबेच लागतात असंही नाही. सत्तू, शेंगदाण्याचं कूट, अंडी, सोयाबीन घातलेलं थालीपिठाचं पीठ, दुधाची भुकटी मिसळलेलं दूध यांनी बरंच काम भागतं.

मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, पण त्यांच्याकडे जायला सांगेपर्यंत बरेच रुग्ण तिकडे फिरकत नाहीत. पहिल्या केमोच्या आधीच त्यांची भेट मागून घ्या. रुग्ण खातो-पितो त्या सगळ्याची, काढ्या-चूर्णांसकट, यादी सोबत न्या आणि दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. महिन्याभरात दोन किलो उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.