रंगांचे काम करायचे? मग आधी मॉनिटर पाहा

आपल्या अनेक घरांतून आता एक नवे हुनर रुजू लागले आहे. लग्नपत्रिका, लग्नाचे अल्बम, पुस्तकांची मुखपृष्ठे, दुकानांचे बोर्ड, मालेगाव-भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत कापडाची डिझाइने, अशी कामे मुले-मुली घरी बसून संगणकावर करतात. ज्या मुलींना शिक्षण होऊनही नोकरीसाठी रोज बाहेर जाणे शक्य नसते, त्यांच्यासाठी तर ही हक्काची कमाई आहे. डिझाइनचा कोर्स संपला की घरात प्रश्न निघतो, संगणक कोणता घ्यायचा? आमच्याकडेही माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. अब्बांनी साठवलेले आणि अम्मीने भिशीतून जमवलेले पैसे एकदाच खर्च होणार असतात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

दुकानात गेले की बोलणे प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते. मॉनिटरची पाळी शेवटी येते आणि उरलेल्या पैशांत बसेल तो घेतला जातो. रंगांचे काम करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. संगणक मंद असला तर काम उशिरा होते. मॉनिटर खोटा रंग दाखवत असला तर काम चुकते, आणि ते छापून हाती आल्याशिवाय कळतही नाही. पाचशे निकाहपत्रिकांवरचा हिरवा रंग काळपट आला तर छापखानेवाला फाइलकडे बोट दाखवतो, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नसते आणि नुकसान नवशिक्या मुलीच्या अंगावर येते. पैसे पुन्हा मिळवता येतात, गेलेला भरवसा लवकर मिळत नाही.

‘वाइड गॅमट’ म्हणजे काय?

मॉनिटर लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून बाकीचे सगळे रंग तयार करतो. हे तीन मूळ प्रकाश जितके शुद्ध, तितके जास्त रंग त्याला दाखवता येतात. रंगांच्या या व्याप्तीला कलर गॅमट म्हणतात आणि व्याप्ती मोठी असेल त्या मॉनिटरला वाइड गॅमट.

ही व्याप्ती सांगणारी तीन मापे लक्षात ठेवावीत. पहिले एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ते १९९६ मध्ये मांडले आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. इंटरनेटवरची बहुतेक चित्रे याच मापाची असतात. दुसरे १९९८ चे अडोबी आरजीबी. ते हिरव्या आणि फिरोजी रंगांच्या बाजूला बरेच मोठे आहे. तिसरे पी-३. ते सिनेमाच्या धंद्यातून आले आणि लाल-नारिंगी बाजूला एसआरजीबीपेक्षा पुढे जाते. ॲपलने २०१५ पासून आपल्या आयमॅकमध्ये हेच माप वापरले आहे. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा जो नकाशा १९३१ साली ठरला, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एसआरजीबी व्यापते, तर अडोबी आरजीबी जवळपास निम्मा.

याचा आपल्या कामाशी संबंध असा. छापखान्यात निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंतून रंग तयार होतात. त्यांतील निळ्या शाईचा शुद्ध रंग आणि तिच्यापासून बनणारे काही फिरोजी रंग एसआरजीबीच्या बाहेर पडतात. म्हणजे कागदावर जो फिरोजी उतरू शकतो, तो साध्या मॉनिटरवर दिसूच शकत नाही. अशा मॉनिटरवर काम करणारा अंदाजाने रंग ठरवतो.

कोणाला कोणता?

काम फक्त मोबाईलवर दिसणार असेल, उदाहरणार्थ व्हॉट्सॲपवरच्या पत्रिका किंवा दुकानाच्या जाहिराती, तर पूर्ण एसआरजीबी दाखवणारा चांगला मॉनिटर पुरतो. वाइड गॅमटवर जास्तीचा खर्च करण्याची गरज नाही. छपाईचे काम असेल तर अडोबी आरजीबीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दाखवणारा पाहावा. व्हिडिओचे काम असेल तर पी-३ चा.

एक सावधगिरी मात्र हवी. रंगांचा हिशेब न ठेवणारे प्रोग्रॅम वाइड गॅमट मॉनिटरवर साधे चित्रही भडक दाखवतात. चेहरे लालबुंद दिसतात. म्हणून मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड आहे ना, हे विचारावे. गिऱ्हाईकाला मोबाईलवर चित्र पाठवतानाही ते एसआरजीबीत बदलूनच पाठवावे, नाहीतर तिकडे ते फिके दिसू शकते.

दुकानात काय विचारावे?

१. व्याप्ती कोणत्या मापाची? ‘७२ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल तर ते साधारण एसआरजीबीएवढेच समजावे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर तो मॉनिटर रंगकामासाठी घेऊच नये. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ हा आकडाही फसवा असतो. त्यातून एकूण क्षेत्र किती ते कळते, अडोबी आरजीबीचा कितवा भाग झाकला गेला ते कळत नाही. म्हणून ‘कव्हरेज’ किती, असेच विचारावे.

२. पॅनल आयपीएस आहे का? बाजूने पाहिल्यावर त्यावरचे रंग फारसे बदलत नाहीत.

३. डेल्टा ई किती? मागितलेला रंग आणि दिसलेला रंग यांतला फरक हा आकडा सांगतो. सरासरी दोनपेक्षा कमी असेल तर तो फरक सहसा डोळ्याला जाणवत नाही. रंगकामाच्या अनेक मॉनिटरांसोबत कारखान्यातल्या तपासणीचा कागद येतो.

४. आठ बिट की दहा बिट? आठ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १,०२४. फिक्याकडून गडदकडे जाणाऱ्या रंगात दहा बिटवर पट्टे कमी दिसतात.

५. आकार आणि बारकावा. २७ इंची मॉनिटर घेतल्यास निदान २५६० बाय १४४० पिक्सेल असावेत. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा वेग खेळांसाठी असतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

मॉनिटरचीही तपासणी हवी

चांगल्या मॉनिटरचे रंगसुद्धा दिवस जातात तसे बदलतात. ते मोजायला कलरिमीटर नावाचे छोटे यंत्र मिळते. ते पडद्यावर टेकवले की एकामागून एक रंग तपासून मॉनिटरची प्रोफाइल तयार करते. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच ही तपासणी करावी आणि महिन्यातून एकदा तरी करावी. हे यंत्र रोज लागत नाही. एकाच मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी मिळून घेतले तर कोणालाच भार होणार नाही.

पडद्याची चमकही ठरवून घ्यावी. नवा मॉनिटर बहुधा फार उजळ ठेवलेला असतो. छपाईच्या कामासाठी १०० ते १२० कॅन्डेला पुरे. ‘स्क्रीनवर छान होते, छापून काळे आले’ ही तक्रार पुष्कळदा जास्त उजेडामुळेच होते.

खोलीकडेही पाहावे. आपल्याकडे भिंतींना हिरवा किंवा गुलाबी रंग देण्याची हौस असते. अशा भिंतीजवळ डोळा फसतो. मॉनिटरमागची भिंत राखाडी किंवा पांढरट असावी, खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये आणि दिवा रंगीत नसावा.

बाकीचा संगणक

छायाचित्रे आणि पत्रिकांच्या कामाला मधल्या दर्जाचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरते. भारी ग्राफिक्स कार्ड व्हिडिओवाल्यांनी पाहावे. कामाची दुसरी प्रत ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क आणि वीज गेल्यावर फाइल वाचवायला यूपीएस मात्र हवाच. मॉनिटर डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडावा. एचडीएमआय वापरल्यास सेटिंगमध्ये रेंज ‘फुल’ आहे का ते पाहावे, नाहीतर काळा रंग राखाडी दिसू शकतो.

आयमॅकचा पी-३ पडदा चांगला असतो, पण तो संगणकालाच जोडलेला. संगणक जुना झाला की आजच्या आयमॅकचा पडदा दुसऱ्या संगणकाला मॉनिटर म्हणून लावता येत नाही, आणि त्याची रॅमही मागाहून वाढवता येत नाही. वेगळा मॉनिटर घेतला तर संगणक बदलला तरी तो चालतो.

सगळे एकदम घेणे जमत नसेल तर कर्ज काढू नये, टप्पे करावेत. घरात चालता संगणक असेल तर आधी चांगला मॉनिटर जोडावा, मग कलरिमीटर, आणि संगणक कमाईतून बदलावा.

आणखी एक. सगळ्यांचे डोळे रंग सारखे पाहत नाहीत. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त आढळतो. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवरून डोळ्यांचे डॉक्टर तो काही मिनिटांत तपासतात. पैसे खर्चण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

मॉनिटर कितीही चांगला असला तरी मोठ्या छपाईआधी छापखान्यातून एक नमुना मागवावा, तो पांढऱ्या उजेडात पाहावा, गिऱ्हाईकाला दाखवावा आणि त्यावर त्याची सही घ्यावी. एका कागदाचा खर्च होतो, पण पुढचे पाचशे वाचतात.