उलट मोजणी : दहा प्रकार, दहा लाडकी गाणी

लावणीवर जीव टाकणारा माणूस अभंग लागल्यावर उठून जातो, असं कधी पाहिलंय? मीही नाही पाहिलं. तरी आपण गाण्यांना प्रकारांच्या खणांत ठेवतो : हे भावगीत, ते नाट्यगीत, हे कोळीगीत, ते ‘नुसतं नाचायचं’. म्हणून यादी करताना मी एकच नियम घातला. दर प्रकारातलं एकच गाणं घ्यायचं, आणि त्यासोबत ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतील अशी माहिती द्यायची. मोजणी दहापासून खाली. वाचताना गाण्यांखालच्या नावांवर लक्ष असू द्या. खरी मजा तिथे आहे.

१०. झिंगाट (नाचाचं गाणं)

२०१६ सालच्या ‘सैराट’मधल्या या गाण्याने थिएटरात लोकांना खुर्च्यांवरून उठवून नाचवलं. पण त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला गेले आणि सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. भारतीय चित्रपटाचं संगीत तिथे ध्वनिमुद्रित होण्याची ही पहिलीच वेळ. करमाळ्याकडच्या गोष्टीला व्हायोलिनांचा ताफा, आणि त्याच अल्बममध्ये वरातीचा हा ठेका! पुढे हीच चाल कन्नडमध्ये गेली आणि २०१८ मध्ये ‘धडक’मधून हिंदीतही पोचली. मराठी वरातीत मात्र अजून मूळचंच वाजतं.

९. नाच रे मोरा (बालगीत)

बालवाडीच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात हे असतंच, त्यामुळे ते लोकगीत असावं असं अनेकांना वाटतं. ते आहे चित्रपटगीत : १९५३ सालचा ‘देवबाप्पा’, दिग्दर्शक राम गबाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज तेव्हा विशीत असलेल्या आशा भोसल्यांचा. आणि संगीतकार? पु. ल. देशपांडे. विनोदी लेखक, नाटककार, एकपात्री कलाकार म्हणून ज्यांना आपण डोक्यावर घेतलं, त्यांनी या गाण्यातून महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांना पहिला ताल शिकवला.

गदिमा आणि पुलं, ही दोन नावं ध्यानात ठेवा. पुन्हा भेटणार आहेत.

८. बुगडी माझी सांडली गं (लावणी)

कानाच्या वरच्या पाळीत घालायच्या एवढ्याशा दागिन्यावरचं हे गाणं १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधलं. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार, आवाज आशा भोसल्यांचा, पडद्यावर जयश्री गडकर. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं!

गंमत पुढेच आहे. चित्रपटाच्या नायिका हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिलं. त्या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला आणि त्यासाठी स्मिता पाटीलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका तमाशापटाच्या नावाचा प्रवास कुठून कुठे गेला पाहा.

आणि या ठसकेबाज लावणीचे कवी कोण? मोराला नाचवणारे तेच गदिमा.

७. मी डोलकर (कोळीगीत)

हे गाणं ऐकलं की वर्सोव्यापासून रेवदंड्यापर्यंतची सगळी किनारपट्टी डोळ्यांपुढे येते. पण लिहिणाऱ्या शान्ता शेळके देशावरच्या. जन्म इंदापूरचा, शिक्षण पुण्याचं, पेशा प्राध्यापकीचा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. लता मंगेशकरांसोबत गाणारे हेमंतकुमार तर बंगाली! समुद्राच्या गाण्याला त्यांच्या खर्जातल्या आवाजाइतका शोभणारा दुसरा आवाज मला सुचत नाही.

शान्ताबाईंची झेप एवढ्यावर थांबत नाही. ‘तोच चंद्रमा नभात’ हे भावगीत त्यांनी एका जुन्या संस्कृत श्लोकाच्या कल्पनेवरून फुलवलं. ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणीही त्यांची आणि ‘गणराज रंगी नाचतो’ हे भक्तिगीतही त्यांचंच. डॉ. वसंत अवसरे या टोपणनावानेही त्यांनी गीतं लिहिली.

मध्यंतर : पाहुणे गळे

हेमंतकुमारांचा विषय निघालाच आहे, तर मराठीत येऊन मन जिंकून गेलेले आणखी काही आवाज :

• मन्ना डे : ‘घन घन माला नभी दाटल्या’, चित्रपट ‘वरदक्षिणा’. संगीत वसंत पवारांचं, म्हणजे बुगडीवाल्यांचंच. शब्द? गदिमा.

• मोहम्मद रफी : ‘हा छंद जीवाला लावी पिसे’. संगीतकार श्रीकांत ठाकरे, बाळासाहेबांचे धाकटे भाऊ आणि राज ठाकरे यांचे वडील.

• किशोरकुमार : ‘अश्विनी ये ना’, १९८७ चा ‘गंमत जंमत’, संगीत अरुण पौडवाल. त्याच वर्षी किशोरदा गेले. म्हणजे ही मराठी भेट अगदी शेवटच्या दिवसांतली.

• वाणी जयराम : ‘ऋणानुबंधांच्या जिथून पडल्या गाठी’, ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं युगुलगीत. सोबतीला कुमार गंधर्व. एक आवाज तमिळ घरातला, दुसरा कन्नड घरातला, आणि गाणं असं की मराठी घरात निरोपसमारंभ त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

६. शुक्रतारा मंद वारा (भावगीत)

कवी मंगेश पाडगांवकर, संगीत श्रीनिवास खळे. गायक अरुण दाते इंदूरचे. शिक्षणाने ते टेक्स्टाइल इंजिनिअर, म्हणजे दिवसा सूत आणि संध्याकाळी सूर. सहगायिका सुधा मल्होत्रा मूळ दिल्लीच्या. ‘दीदी’ चित्रपटातल्या ‘तुम मुझे भूल भी जाओ’ची चाल त्यांनी स्वतः बांधली होती. महाराष्ट्रातल्या प्रेमिकांचं हे राष्ट्रगीत इंदूर आणि दिल्लीच्या गळ्यांतून आलं.

आता या यादीतली माझी सर्वांत आवडती जोडी ऐका. कानाशी कुजबुजावं तशी ही चाल बांधणाऱ्या खळेकाकांनीच ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला चाल दिली! शाहीर साबळे यांच्या पहाडी आवाजातलं ते गाणं १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत झालं. त्याचे कवी राजा बढे नागपूरचे. वीररसाचं हे गाणं लिहिणाऱ्या बढ्यांचंच ‘चांदणे शिंपीत जाशी’ हे नाजूक भावगीत. डफ आणि चांदणं एकाच लेखणीत नांदत होते.

५. तुफानातले दिवे (भीमगीत)

कवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. शाळेत जाणं झालं नाही, वाचायला ते मोठेपणी शिकले. आणि मग हजारो गीतं लिहिली! बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोचला तो पुस्तकांइतकाच या गाण्यांतून. वामनदादा स्वतः गावोगाव गात हिंडले. छापखान्याच्या आधी ही गाणी गळ्यातून गळ्यात गेली आणि आजही १४ एप्रिलला ती नव्याने तापतात. मराठी गाण्यांच्या कुठल्याही यादीत ही परंपरा नसेल, तर ती यादी अपुरी आहे असं मी ठामपणे म्हणेन.

शिंदे घराण्याची कमालही इथेच सांगायला हवी. प्रल्हाद शिंदे भीमगीतं गायले, आणि ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ही गायले. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांनी वैशाली सामंतसोबत ‘कोंबडी पळाली’ गायलं. त्या चालीवर पुढे हिंदीत ‘चिकनी चमेली’ नाचली. नातू आदर्श शिंदेच्या आवाजात ‘दुनियादारी’तलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ आलं. तीन पिढ्या, एकच खडा आवाज, आणि त्याला वर्ज्य असं काहीच नाही.

४. ऐरणीच्या देवा (चित्रपटगीत)

१९६५ चा भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’. भट्टी, भाता, ऐरण आणि लोहाराच्या घरातली श्रद्धा. पडद्यावर पुन्हा जयश्री गडकर, बुगडी हरवणाऱ्याच. गायिका लता मंगेशकर हे सगळ्यांना ठाऊक होतं. संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे कोण, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हतं. या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाले आणि उत्कृष्ट संगीतासाठी आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं. सांगतात की लताबाई जागेवर गप्पच बसून होत्या, आणि शेवटी ‘आनंदघन म्हणजे याच’ असं जाहीर करावं लागलं! ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ आणि ‘तांबडी माती’ याही चित्रपटांचं संगीत आनंदघन यांचंच. लताबाईंनी हिंदी सिनेमाला गळा दिला. चाली मात्र फक्त मराठीला दिल्या.

३. घेई छंद मकरंद (नाट्यगीत)

‘कट्यार काळजात घुसली’, १९६७. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी. हे एकच पद नाटकात दोन तऱ्हांनी येतं. पंडितजींच्या घराण्याच्या गायकीत ते शांतपणे उलगडतं, खांसाहेबांच्या गायकीत तेच शब्द उसळून येतात. दोन घराण्यांचं सगळं भांडण आणि सगळं सौंदर्य संवादाविना कानाला कळतं. ही कल्पना मला मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

खांसाहेबांची भूमिका गाजवणाऱ्या वसंतराव देशपांड्यांनी कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. २०१५ मध्ये ‘कट्यार’चा चित्रपट झाला, तेव्हा खांसाहेबांचा गाता आवाज होता त्यांचे नातू राहुल देशपांडे यांचा.

अभिषेकीबुवा गोव्यातल्या मंगेशीचे. लताबाईंचे वडील दीनानाथ यांना ‘मंगेशकर’ हे आडनाव मिळालं तेही याच गावावरून. आणि ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’ हे होडीतलं गाणं कोणी गायलंय ठाऊक आहे? अभिषेकीबुवांनीच! त्याचे शब्द कोणाचे, हे आता तुम्हीच सांगाल : गदिमांचे.

२. घनश्याम सुंदरा (भूपाळी)

व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ १९५२ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. म्हणजे आपली पहाटेची भूपाळी फ्रान्सच्या किनाऱ्यावर घुमून आली. चित्रपट आहे होनाजी बाळाच्या आयुष्यावर. हे एका माणसाचं नाव वाटतं, पण ती जोडी आहे : होनाजी कवन रचणारे, बाळा गाणारे. पेशवाईच्या अखेरच्या काळात फडावर लावण्यांनी रंग भरणाऱ्या होनाजींचीच ही भूपाळी. शृंगार आणि भक्ती एकाच शाहिराच्या ओठांवर होते.

लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांनी गायलेली ही चाल वसंत देसाईंची. देशभरातल्या शाळांत म्हटली जाणारी ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थनाही त्यांचीच, १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली. त्या चित्रपटाची कथा कोणी लिहिली होती? होय. गदिमांनी.

१. इंद्रायणी काठी (अभंग)

पहिला क्रमांक याचा, आणि याबाबत माझ्या मनात जराही शंका नाही.

आळंदीच्या वाटेवर, देवळांत, टपरीवरच्या सकाळच्या रेडिओवर हे ऐकताना ते एखाद्या संताचंच असणार असं वाटतं. ते आहे १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या विनोदी चित्रपटातलं! कथा, पटकथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका, सगळं पुलंचं. शब्द गदिमांचे. आवाज भीमसेन जोशींचा. जन्म गदगचा, मातृभाषा कन्नड, तालीम किराणा घराण्याची. अभंगवाणीने पुढे साऱ्या महाराष्ट्राला वेड लावणाऱ्या पंडितजींचं हे गाणं आजही मैफलीचा कळस वाटतं.

साल पुन्हा पाहा. १९५३. ‘नाच रे मोरा’चंही तेच. एकाच वर्षी, याच दोघांनी एक गाणं बालवाडीला दिलं आणि एक वारीला. दोनच वर्षांनी, १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं : वर्षभर, ५६ गाणी. आणि त्यानंतर चारच वर्षांत त्याच लेखणीतून बुगडी निसटली.

गदिमांना लावणी लिहिताना संकोच वाटला नाही आणि अभंग लिहिताना त्यांनी आव आणला नाही. खळ्यांनी डफ आणि कुजबुज दोन्ही सांभाळलं. शान्ताबाईंनी संस्कृत श्लोकातून चंद्र आणला आणि कोळीवाड्यात होडी सोडली. प्रल्हाद शिंद्यांच्या गळ्यात भीम आणि विठ्ठल शेजारी राहिले. या थोर मंडळींनी प्रकारांच्या भिंती कधी मानल्याच नाहीत, म्हणून मराठी गाणं एवढं श्रीमंत झालं. आपणही मानू नयेत. तुमची यादी आजच करा, आणि प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं लिहा. गाणं आपल्याला आयुष्यभर पुरतं. ज्यांनी ते दिलं, त्यांची नावं पाठ असणं एवढं तरी आपल्याकडून व्हायलाच हवं.